मोरीला बोळा

सिंकचं पाणी तुंबलं तेव्हा पहिला आळ मी मिसळीवर घेतला. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. भांडी घासायला येणाऱ्या मावशी सणाला दोन दिवस गावी गेलेल्या, आणि शनिवारी रात्री घरी पाहुणे म्हणून मी काळ्या मसाल्याची मिसळ केली होती. आमच्या घरात मिसळ म्हणजे पातेल्याच्या काठापर्यंत तर्री. रविवारी सकाळी ते पातेलं विसळायला घेतलं. नाशिकच्या जानेवारीत नळाचं पाणी बोटांना अक्षरशः चावतं, त्यामुळे सगळा कार्यक्रम दोन मिनिटांत उरकायचा बेत होता. पण पाणी जाईना. जाळीभोवती एक तांबडं तेलकट कडं करून ते तिथेच बसलं, आणि मधूनच खालून कुणीतरी ढेकर दिल्यासारखा आवाज आला.

आमच्या ह्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. त्यात एक बाई हसतमुखाने सिंकमध्ये खायचा सोडा टाकते, वर व्हिनेगर ओतते आणि पाइप मोकळा होतो. ह्यांनी तसंच केलं. फेस असा उसळला की त्यांना जवळजवळ टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग फेस बसला आणि पाणी होतं तिथेच राहिलं. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना मारतात, थोडा वायू उडून जातो आणि मागे राहतं ते जवळपास खारट पाणीच. पाइपाच्या पोटात चिकटलेल्या तुपाला त्याचं सोयरसुतक नसतं. मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, पण हे मी फेस बसल्यावरच बोलले. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली की काही गोष्टी आधी बोलायच्या नसतात.

खरं तर मिसळीचं शेंगतेल एवढं दोषी नव्हतं. आपल्याकडच्या थंडीत गोठतं ते तूप, साय, लोण्याचं भांडं धुतलेलं पाणी आणि डोक्याचं खोबरेल. खोबरेल २५ अंशांच्या आसपासच गोठायला लागतं. म्हणून तर हिवाळ्यात घरोघरी तेलाची बाटली गॅलरीत उन्हाला ठेवलेली दिसते. भिंतीबाहेरच्या पाइपाला मात्र कुणी उन्हात नेऊन ठेवत नाही. रात्री त्याच्या आत एक थर बसतो, त्या थरावर भाताचं शीत बसतं, शितावर चहाची पूड, आणि असं करत करत एका सकाळी पाणी थांबतं. आपल्याला वाटतं, काल रात्रीच काहीतरी झालं.

प्लंबर म्हणून जो आला तो बावीस-तेविशीचा पोरगा होता. डोक्याला कानटोपी, खिशात स्पॅनर, खांद्यावर गुंडाळलेली स्प्रिंग. आल्या आल्या त्याने एक रिकामी बादली मागितली आणि विचारलं, "काकू, आत पावडर-ॲसिड काही टाकलंय का? खरं सांगा." ह्यांनी सोडा-व्हिनेगर सांगितलं तसा तो हसला. "ते चालतं. पावडरचं विचारतोय." दुकानात मिळणाऱ्या त्या पुड्यांमध्ये कॉस्टिक सोडा असतो. तो चरबीचा साबण करतो, केसही विरघळवतो, हे खरं. पण पाण्यात पडला की भयंकर तापतो, आणि पाणी पुढे गेलंच नाही तर तसाच पाइपात दबा धरून बसतो. मग पाइप खोलणाऱ्याच्या हातावर उडतो, नशीब वाईट असेल तर डोळ्यात. पोराने मनगट वळवून दाखवलं. पांढरट, गुळगुळीत, रुपयाएवढा डाग होता. "लोकं लाजतात सांगायला," तो म्हणाला. "आणि भाजतं आम्हाला."

मग तो सिंकखाली कपाटात डोकं घालून बसला. तिथला पांढरा, घड्याघड्यांचा वेस्ट पाइप त्याने सोडवला आणि बादलीत उपडा केला. आधी काहीच आलं नाही. त्याने पाइपावर दोन थापा मारल्या आणि मग भळकन सगळं एकदम आलं. वास असा की मी पदर नाकाला लावला. करड्या चिकट गोळ्यात चहाची पूड, कढीपत्त्याच्या दांड्या, आणि बाकी सगळं पांढरं, फुगलेलं, मऊ. पोराने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ते हलवून पाहिलं.

"काकू, ह्या तर पोळ्या आहेत. सिंकमध्ये पोळ्या कोण टाकतं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझी आई, त्र्याऐंशी वर्षांची, तीन वर्षांपासून आमच्याकडे असते. शालीतून तिचा फक्त चेहरा दिसत होता. "अगं, ती मावशी," ती म्हणाली. "लक्ष कुठे असतं तिचं भांडी घासताना."

मी पुन्हा बादलीत पाहिलं. पोळीचे तुकडे एकसारखे होते, नखाएवढे. ताटात उरलेली पोळी अशी नसते. उरलेली पोळी चतकोर असते, कड असते, मुलांनी सोडलेला पापुद्रा असतो. हे कुणीतरी बसून, बोटांनी चिमटून, जाळीच्या भोकातून जाईल एवढं बारीक केलेलं होतं. आईची बोटं शालीच्या आत होती.

"हो," मी म्हणाले, "सांगते तिला."

आणि सोमवारी मी खरंच सांगितलं. मावशी आल्या, पदर खोचला, आणि मी पाठमोरी राहूनच म्हटलं, "मावशी, खरकटं जरा डब्यात काढत जा हं. काल सगळा पाइप पोळीने भरला होता." दोनशे चाळीस रुपये गेले, हेही म्हटलं. कशासाठी म्हटलं, देव जाणे. मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "बरं ताई," एवढंच. फक्त त्या दिवशी त्यांनी जाळी सिंकमध्ये ठेवली ती जरा जोरात वाजली.

तो आवाज पुढे आठवडाभर माझ्या डोक्यात वाजत राहिला.

*

ज्या बाईने नखाएवढे तुकडे करून पोळी सिंकमध्ये लपवली, तिच्याच हातांनी मला मोरी काय असते ते शिकवलं होतं. आमचा वाडा सराफ बाजाराच्या मागच्या एका बोळात. तिथे सिंक नव्हतं, बेसिन नव्हतं, बाथरूम हा शब्दही नव्हता. होती ती मोरी. शहाबादी फरशीचा एक खोलगट चौकोन, एका बाजूला हातभर उंचीचा कठडा, कोपऱ्यात तांब्याचा बंब, बाजूला घंगाळ आणि खिळ्याला लटकवलेली नारळाची शेंडी. आंघोळ तिथे, भांडी तिथे, बाहेरून आल्यावर पाय तिथे, तांदूळ धुवायचे तिथे. घराचं सगळं पाणी एकाच भोकातून जायचं आणि भिंतीपलीकडच्या उघड्या गटारात पडताना त्याचा आवाज यायचा. आज आपलं पाणी नाहीसं होतं. तेव्हा ते जाताना ऐकू यायचं. शेजारच्या घरात किती वाजता कोण उठलं हे आजी आवाजावरून सांगायची.

मोरी तुंबली की आई पातळाचा काचा मारायची, बांगड्या कोपरापर्यंत सरकवायची आणि हात आत घालायची. तोंड एका बाजूला वळवलेलं, डोळे छताकडे, जणू ती कानाने काहीतरी शोधते आहे. मग ओढून बाहेर काढायची: केसांचा गुंता, शेंडीचे तंतू, राखेचा काळा चिखल, कधी माझ्या रिबिनीचा तुकडा. भांडी राखेने घासायचो त्यामुळे तो चिखल असायचाच. राखेतला क्षार थोड्याबहुत तुपातेलाचा तिथल्या तिथे साबण करतो, म्हणून तेव्हाच्या मोऱ्या आजच्या पाइपांसारख्या चिकट नव्हत्या असं मी आता जाणकाराच्या थाटात म्हणू शकते. वास मात्र होताच. मी नाक मुरडलं की आई म्हणायची, "आपल्याच घरातलं आहे ना? मग कसली किळस?"

तिचा दुसरा दाखला झारेकऱ्यांचा असायचा. भल्या सकाळी, दुकानं उघडायच्या आधी, सराफांच्या पेढ्यांपुढे आणि सोनार बसायचे त्या बोळांमध्ये ही मंडळी यायची. रस्त्याची धूळ कुंच्याने गोळा करायची, गटारातला गाळ खरवडून घमेल्यात भरायची आणि पाण्याने धूत धूत, घमेलं गोल फिरवत, तळाशी राहिलेला चमचमता कण शोधायची. कानसीने उडालेली, फुंकरीने गेलेली, सोनाराच्या आंघोळीच्या पाण्यातून वाहिलेली सोन्याची धूळ. मी शाळेत जाताना थांबून पाहायची. गुडघ्यावर बसलेल्या माणसाची सगळी एकाग्रता त्या काळ्या पाण्यात असायची. आई म्हणायची, "बघ, ज्याला सापडवायचं असतं त्याला वास येत नाही." मला मात्र त्यांच्या बोटांच्या भेगा दिसायच्या, आणि दिवसाच्या शेवटी ते सोनं त्याच सराफाला विकलं जायचं हेही माहीत होतं.

आणि आणखी एकाला वास यायचा की नाही, हे तर आम्ही कधी विचारलंच नाही. वाड्याच्या मागच्या बोळाला एक बुटकं दार होतं, टोपलीच्या संडासासाठी. तिथून रोज एक बाई यायच्या. त्यांचा चेहरा मला आज आठवत नाही, कारण मी तो बहुधा पाहिलाच नव्हता. त्यांच्या येण्याचा आवाज आला की आजी आम्हाला आत ओढायची. मोरीतला आईचा हात 'आपल्याच घरातलं' म्हणून पवित्र, आणि आपल्याच घरातलं उचलणारा तो दुसरा हात मात्र नजरेआड. आईची ती किळसेवरची शिकवण मोरीच्या कठड्यापाशी संपत होती. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही मी ते तिला कधी बोलून दाखवलं नाही.

*

रात्री झोपायच्या आधी आजी मोरीला बोळा लावायची. जुन्या नऊवारीचा तुकडा, घट्ट गुंडाळून सुतळीने बांधलेला, नारळाएवढा. घुशी आणि उंदीर त्याच वाटेने आत यायचे. बोळा लावताना आजी हमखास म्हणायची, "मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा." कारण वाड्याचं दिंडीदार रात्रभर नुसतं लोटलेलं असायचं. ही म्हण लोक उधळ्या माणसाला लावतात: दाराने हत्ती जाऊ देतो आणि मोरीतून मुंगी अडवतो. शाळेत मी तिचा तसाच अर्थ लिहून एक गुण मिळवला.

पण सराफ बाजारात राहणाऱ्याला ठाऊक असतं की त्या म्हणीत वेडेपणा नाही. तिथे पूर दारातून येत नाही. गंगेला (नाशकात गोदावरीला गोदावरी म्हणतात ते बाहेरचे) पाणी चढलं की गावातल्या नाल्यांना तोंडच उरत नाही. सरस्वती नाला सराफ बाजार-दहीपुलाच्या पोटातून जातो. पावसाळ्याखेरीज तो आहे हेही कुणाच्या ध्यानात नसतं. दहीपुलाच्या नावात पूल आहे, पण तिथे खरेदी करणाऱ्या किती जणांनी कधी वाकून खाली नदी आहे का पाहिलं असेल? पावसात ती स्वतःच आपली ओळख देते. पाणी पुढे जाऊ शकलं नाही की मागे फिरतं, गटारात चढतं आणि गटारातून ज्या वाटेने आपण ते पाठवलं त्याच वाटेने घरात येतं. मी सहावी-सातवीत असताना एका रात्री मोरीतला बोळा टुणकन उडाला आणि पाठोपाठ काळं पाणी कारंज्यासारखं उसळलं. दार सताड उघडं होतं आणि उंबरा कोरडा होता. आजी आणि आई दोघी मिळून तो बोळा दाबून बसल्या, वर पाटा ठेवला, पाट्यावर मला बसवलं. मी पाट्यावर बसून भूगोलाचं पुस्तक वाचल्याचं मला लख्ख आठवतं. आईच्या मते मी झोपले होते. खालून कुणीतरी ढकलतंय असं वाटत होतं. आजी मध्येच हसायला लागली. "बघा गं," म्हणाली, "दरवाजा मोकळा आणि मोरीला बोळा!"

२०१९च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आई अजून वाड्यातच होती. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या येत होत्या आणि मी इंदिरानगरातून फोनवर फोन करत होते. तिने मला उलटं विचारलं, "मारुतीच्या कुठवर आलंय?" दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी की गळ्याला, हे नाशिककराचं मोजमाप, टीव्हीवरच्या क्युसेकवर तिचा विश्वास नाही. मी म्हटलं, "गळ्याच्या वर गेलंय, तू इकडे निघून ये." ती म्हणाली, "आधी मोरीवर पाटा ठेवते." तेव्हा ती सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची असेल. पाटा एकटीने उचलला होता.

पुढे वाडा धोकादायक म्हणून रिकामा करायची नोटीस आली आणि ती आमच्याकडे आली. दोन पातळांच्या पिशव्या, देव, आणि तो पाटा. पाटा ठेवायला फ्लॅटमध्ये जागा नाही, म्हणून तो गॅलरीत तुळशीखाली आहे.

*

तिला आमचं बाथरूम आवडलं नाही. "पाणी जाताना दिसतच नाही," म्हणाली. मी तिला जमिनीवरची स्टीलची जाळी उचलून दाखवली, खालच्या वाटीत साठलेलं पाणी दाखवलं. ते पाणी म्हणजेच झाकण. खालच्या गटारातला वास, झुरळं, वायू, सगळं त्या दोन-अडीच इंच पाण्यापाशी अडतं. आपण मे महिन्यात पंधरा-वीस दिवस गावाला जाऊन आलो की घरात गटाराचा वास का येतो? ते पाणी वाळून गेलेलं असतं. फिनेल ओतायची गरज नसते, तांब्याभर पाणी पुरतं. गंमत म्हणजे या वाटीला सिव्हिल इंजिनीअरिंगच्या पुस्तकातही नहाणी ट्रॅपच म्हणतात. आपली न्हाणी! बेसिनखालच्या वाकड्या पाइपाचंही तेच तत्त्व. १७७५ साली लंडनमधल्या एका घड्याळजीने तो बाक पहिल्यांदा पेटंट करून घेतला: पाइपाला वळण द्यायचं, म्हणजे थोडं पाणी कायम मागे राहतं. मी हे सगळं शिक्षकी उत्साहाने सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे पाण्याचा बोळा." एका तासाचा पाठ तिने दोन शब्दांत संपवला.

रविवारी त्या पोरानेही जाताना नवा वेस्ट पाइप बसवून त्याला खाली एक झोल दिला आणि तारेने बांधला. "हा बाक सरळ करू नका काकू, वास येईल. पण बाक आहे तिथेच कचरा बसणार." त्याला हात धुवायला साबण दिला, चहा दिला. चहा पिताना सोसायटीचे सेक्रेटरी आले. खालचं चेंबरही भरलंय, बघतोस का, म्हणाले. पोरगा उठून उभा राहिला. "मी घरातलं करतो. चेंबरला मशीन बोलवा. आत कुणाला उतरवू नका." त्याचा आवाज एकदम वेगळा झाला होता. सेक्रेटरी म्हणाले, "अरे, चार फूट तर आहे." तो काही बोलला नाही, कप ठेवला आणि निघाला.

चार फूट पुरतात. साठलेल्या मैल्यातून जो वायू येतो त्याला आधी सडक्या अंड्याचा वास असतो, पण तो जास्त झाला की नाकच बधिर होतं; वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच कोसळतो. गटारात नि सेप्टिक टँकमध्ये माणूस असा उतरवण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागते याचाच अर्थ काय तो घ्यायचा. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी मशीनच्या खर्चावरून त्रेपन्न मेसेज पडले. दोघांनी 'ओळखीचा माणूस आहे, स्वस्तात करेल' असं लिहिलं. शेवटी मशीन आलं, प्रत्येक फ्लॅटमागे पैसे जमले, आणि त्यावर एकाने हात जोडल्याचा इमोजी टाकला. मी काहीच लिहिलं नाही. मी गप्प बसण्यात त्या आठवड्यात बरीच तयार झाले होते.

*

आता सिंहस्थ तोंडावर आलाय. २०२७ साली सगळं गाव पुन्हा रामकुंडाकडे धावेल. गंगेत सांडपाणी जायला नको, यावर आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात रोज चर्चा होते. सगळे तावातावाने बोलतात. नासर्डीच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतात. तिचं नाव आता नंदिनी झालं आहे, वास जुनाच आहे. मीही बोलते. पण त्या आठवड्यात बोलता बोलता सारखं मनात येत होतं की माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या सिंकमधून निघालेलं पाणी कुठल्या वळणाने जातं हे मला सांगता येणार नाही. इतकंच काय, माझ्या स्वयंपाकघरात रोज रात्री काय चालतं तेही सांगता आलं नव्हतं.

रोज रात्री आई स्वतःचं ताट स्वतः धुते. पहिल्या दिवसापासून तिचा तो हट्ट. "जावयाच्या घरी माझं खरकटं दुसऱ्याने काढायचं नाही." मला त्याचं कौतुकच होतं, चार जणांत सांगायचे मी. तिचं ताट किती स्वच्छ असतं, एक शीत टाकत नाही, जुनी माणसं ही अशी. आता मागे जाऊन पाहते तर सगळं दिसत होतं. सगळ्यांची जेवणं झाली तरी ती घोळवत बसायची. पोळीपेक्षा आमटी जास्त घ्यायची. कवळी बोलताना हलायची. ती ओठ मिटून हसायला लागली होती. आणि सगळे टीव्हीपुढे गेले की नळाचा आवाज, बराच वेळ. अन्न टाकणं पाप, आणि चावत नाही म्हणून सांगणं त्याहून अवघड. त्यात हे घर लेकीचं म्हणजे जावयाचं. डब्यात टाकली असती तर पोळी दिसली असती.

मी मावशींशी बोलले ते पुढच्या सोमवारी. आई देवळात गेली होती. माफी मागायची सवय नसली की वाक्य कसं सुरू करायचं ते कळत नाही, मी आधी त्यांच्या गावची थंडी विचारली, द्राक्षांचं विचारलं, मग म्हटलं, "मावशी, ते पोळ्यांचं मी तुम्हाला उगाच बोलले."

त्यांनी तवा घासणं थांबवलं नाही. "मला म्हाईत आहे ताई कोण टाकतं. वर्ष झालं." मग जाळी उचलून बोट आत घालून दाखवलं. "रोज सकाळी आल्या आल्या हितून काढून घेते मी. संक्रांतीला दोन दिस गेले, तेवढ्यात भरलं बघा."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? मी एवढं बोलले तरी?"

"म्हातारं माणूस हे. कुणाला सांगायचं?" तवा उपडा घालत त्या म्हणाल्या. "पण तुमी दोनशे चाळीस रुपयाचं बोलायला नको व्हतं."

मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो सिंकपाशी उभ्यानेच प्यायला, नेहमीसारखा. बसा म्हणायचं माझ्या मनात आलं आणि इतक्या वर्षांत ते कधी म्हटलं नाही हेही त्याच क्षणी आलं, त्यामुळे ते शब्द घशातच राहिले. दुसऱ्या दिवशी म्हटलं. त्या म्हणाल्या, "नको, अजून चार घरं हायेत."

मग मी पोळ्या पातळ लाटायला लागले. भात जरा जास्त पाणी घालून, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून सगळ्यांनाच. ह्यांनी दोन दिवस सहन करून विचारलं, "कुणी आजारी आहे का?" आईने मान वर केली नाही.

काल रात्री टीव्ही चालू होता आणि आतून तिची हाक आली. "अगं, पाणी परत थांबतंय बघ." मी गेले तर तिने शाल खुर्चीवर ठेवली होती, पदर खोचला होता. मी पुढे झाले तशी म्हणाली, "बाजूला सर, मी बघते." बांगड्या आता कोपरापर्यंत सरकवाव्या लागत नाहीत, हात सैल सोडला तरी त्या आपोआप जातात. तिने जाळी काढली, बोटं आत घातली, मान एका बाजूला वळवली, डोळे छताकडे. एक पांढरा गोळा बाहेर आला. तो तिने तळहातावर धरला, माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. नळ चालूच होता. मग तिने तो गोळा ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, माझ्यासमोर, झाकण नीट लावून, आणि हात धुवायला घेतले.

"पोळ्या जाड होतात हं तुझ्या," ती म्हणाली. "पहिल्यापासूनच."

दातांच्या डॉक्टरांकडची गुरुवारची वेळ मी घेऊन ठेवली आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.